बाबांच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये टीपी५३ म्युटेशन आलंय, आम्हा भावंडांनाही असेल का?

धायरीची_अनु

नमस्कार. थोडं लांब लिहितेय, सांभाळून घ्या, गेले तीन आठवडे नुसतं हॉस्पिटल-घर-हॉस्पिटल चाललंय.

माझे बाबा ६३ वर्षांचे, चिंचवडच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करून रिटायर झाले. पित्ताचा त्रास मला आठवतंय तेव्हापासून आहे, रात्रपाळीहून आले की आधी इनो मग जेवण असा क्रम. दिवाळीनंतर घास अडकायला लागला, आधी भाकरी अडकायची म्हणून पोळी सुरू केली, मग पोळीपण वरणात कुस्करून, शेवटी नुसता मऊ भात. वजन ९ किलो गेलं तेव्हा कुठे दुर्बिणीतून तपासणीला तयार झाले. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथेच गाठ निघाली. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनोकार्सिनोमा, सीवर्ट टाइप दोन (म्हणजे गाठ अगदी त्या जोडावरच) असं लिहिलंय. पेट स्कॅनमध्ये बाजूच्या दोन लिम्फ नोड्सवर संशय आहे पण लिव्हर, फुप्फुस स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले आधी चार केमो, मग ऑपरेशन, मग परत चार.

आता मुख्य प्रश्न. नात्यातल्या एकाने खूप आग्रह केला म्हणून आम्ही त्या गाठीच्या तुकड्यावर एनजीएसची (एकाच वेळी पुष्कळ जनुकं वाचणारी) मोठी टेस्ट केली. त्यात आलंय टीपी५३ नावाच्या जनुकात म्युटेशन म्हणजे बिघाड, आर१७५एच, व्हीएएफ ३४ टक्के, आणि सीडीकेएन२ए हे जनुक डिलीट झालंय. त्याशिवाय आधीच्या रिपोर्टमध्ये हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रोटीन) २ प्लस म्हणजे अधांतरी आहे, त्याचा निकाल देणारी फिश टेस्ट बाकी आहे, एमएमआरची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) चारही प्रोटीन शाबूत आहेत, पीडी-एल१ (इम्युनोथेरपीसाठी बघतात ते प्रोटीन) चा सीपीएस स्कोअर ५.

मी नेटवर टीपी५३ शोधलं आणि मला घामच फुटला. एक आजार आहे ज्यात हे जनुक आईवडिलांकडून मुलांकडे येतं आणि घरात एकामागून एक कॅन्सर होतात असं वाचलं. माझ्या आत्याला ५८ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ती बरी आहे आता. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरत आलंय, साताऱ्याचं स्थळ आहे, आणि तिकडच्या कुणीतरी आमच्या काकूला विचारलं की तुमच्या रक्तातच आहे का हे. काकूने घरी येऊन तेच बाबांसमोर बोलून दाखवलं. त्या दिवसापासून बाबा जेवताना भावाकडे बघतसुद्धा नाहीत, त्यांना वाटतंय की आपणच पोराला काहीतरी देऊन बसलो. भावाला ३१ वर्षं, मला ३६, माझी मुलगी सहा वर्षांची आहे.

डॉक्टरांना विचारलं तर ओपीडीत इतकी गर्दी होती की "त्याचं टेन्शन आत्ता घेऊ नका" एवढंच म्हणाले. पण घ्यायचं नाही म्हटलं तरी येतं ना. आम्ही दोघांनी रक्त तपासायचं का? आणि या म्युटेशनवर काही औषध आहे का?

---

ब्लॉक_आणि_स्लाइड

अनुताई, मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं हेच मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक कापतोय. पण तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग रोज कुणीतरी लॅबच्या खिडकीशी उभं राहून विचारतं म्हणून लिहितो.

तुमची टेस्ट *गाठीवर* झाली आहे. बाबांवर नाही. हा फरक रिपोर्ट देताना कुणी नीट बोलतच नाही आणि घरंच्या घरं त्यात पोळून निघतात.

असं बघा. अप्पा बळवंत चौकात आपण नोट्स झेरॉक्स करायचो, ओरिजिनल नोट्स घरी. झेरॉक्सची झेरॉक्स, त्याची झेरॉक्स करत गेलं की कुठेतरी काचेवर डाग पडतो, आणि त्यानंतर त्या कागदावरून निघालेल्या प्रत्येक कॉपीवर तोच डाग येतो. म्हणून घरातली ओरिजिनल वही खराब झाली का? नाही. शरीरात पेशी आयुष्यभर स्वतःच्या कॉप्या काढत असतात, अन्ननलिकेचं अस्तर तर सारखंच नवीन होत असतं, त्यात एका पेशीत टीपी५३ मध्ये चूक झाली आणि तिच्यापासून पुढे गाठ वाढली तर गाठीतल्या सगळ्या पेशींत ती चूक दिसणार. याला सोमॅटिक म्हणतात. तुम्हा भावंडांना बाबांकडून जे मिळालंय ते ओरिजिनल वहीतून, तुमच्या जन्माच्या वेळचं.

दुसरा प्रकार जर्मलाइन, म्हणजे चूक ओरिजिनल वहीतच, प्रत्येक पेशीत, रक्तातसुद्धा. तुम्ही नेटवर वाचलात तो ली-फ्रॉमेनी सिंड्रोम. तो खरा आहे पण दुर्मिळ आहे, आणि त्या घरांचं चित्र वेगळं असतं, लहान मुलांत अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गाठी, मेंदूच्या गाठी, सार्कोमा, तिशीच्या आसपास ब्रेस्ट कॅन्सर. आत्याचं ५८ हे वय त्यात बसत नाही.

आणि टीपी५३ हे काही जगावेगळं सापडलेलं नाही तुमच्या बाबांना. अन्ननलिकेच्या आणि या जॉइंटच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त सापडणारं म्युटेशनच ते आहे, बहुसंख्य गाठींत असतं. आर१७५एच तर सगळ्या कॅन्सरमध्ये नेहमी भेटणारी जागा.

व्हीएएफ ३४ टक्के म्हणजे त्या तुकड्यातल्या डीएनएचे १०० धागे वाचले तर ३४ मध्ये ती चूक होती. तुकड्यात गाठीच्या पेशींबरोबर चांगल्या पेशीपण असतात म्हणून आकडा असा मधला येतो. जन्मजात असतं तर ५० च्या जवळ अपेक्षित असतं, पण नुसत्या आकड्यावरून छातीठोक सांगू नये, गाठीत जनुकाची एक प्रत हरवलेली असते त्यामुळे आकडे वरखाली होतात. खात्री हवी असेल तर रक्त तपासतात. आणि तेही आधी बाबांचं, तुमचं नाही. बाबांच्या रक्तात ते नसेल तर तुमच्याकडे त्यांच्याकडून यायचा प्रश्नच संपतो. आधी मुलांचं रक्त काढणं म्हणजे चोर नसलेल्या घरात पंचनामा.

काकूंना हे वाचून दाखवा.

---

पाषाण_बायो

वरच्या दादांनी जे लिहिलंय ते अगदी बरोबर आहे, त्यात भर घालतो. मी कॅन्सर बायोलॉजीत पीएचडी करतोय, पेशंट बघत नाही, त्यामुळे उपचाराबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरा.

अन्ननलिकेचा कॅन्सर असं आपण एका नावाने म्हणतो पण ते दोन वेगळे आजार आहेत आणि हे जनुकांवरूनच पक्कं झालं. २०१७ मध्ये टीसीजीए नावाच्या मोठ्या अमेरिकन प्रकल्पाने अन्ननलिकेच्या १६४ गाठींचा पूर्ण जनुकीय नकाशा नेचरमध्ये छापला. वरच्या-मधल्या भागात होणारा स्क्वॅमस कॅन्सर हा डोकं-मानेच्या, तोंडाच्या कॅन्सरच्या जवळचा निघाला, त्यात सीसीएनडी१, एसओएक्स२ अशी जनुकं वाढलेली असतात. आणि खालचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे तुमच्या बाबांचा, तो जठराच्या कॅन्सरच्या एका गटाशी इतका जुळला की दोघांमध्ये रेघ मारणं अवघड. त्याच लोकांनी २०१४ मध्ये जठराच्या २९५ गाठींचे चार गट पाडले होते, ईबीव्ही विषाणूवाला, एमएसआयवाला (म्हणजे एमएमआर बिघडलेला), जीनोम शांत असलेला, आणि चौथा ज्यात क्रोमोसोमची मोडतोड झालेली असते. हा चौथा गट जवळपास निम्मा, आणि जठराच्या वरच्या टोकाला, सांध्यापाशी जास्त सापडतो. तुमच्या बाबांचा रिपोर्ट वाचून (टीपी५३ गेलेलं, सीडीकेएन२ए डिलीट, एमएमआर शाबूत) तो याच गटातला वाटतो.

तुम्ही लिहिलंय की पित्ताचा त्रास आठवतंय तेव्हापासून. माझ्या मते तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे, टीपी५३ वाली नाही. वर्षानुवर्षं आम्ल आणि पित्तरस वर येत राहिला की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर स्वतःला बदलून आतड्यासारखं होतं, त्याला बॅरेट्स म्हणतात. बॅरेट्स असलेल्यांपैकी दरवर्षी एक टक्क्याहून कमी लोकांत पुढे कॅन्सर होतो, बहुतेकांना कधीच होत नाही. पण ज्यांच्यात होतो त्यांच्यात वाट साधारण अशी असते की आधी सीडीकेएन२ए सारखं एखादं ब्रेक लावणारं जनुक जातं, मग टीपी५३ जातं, आणि टीपी५३ गेलं की पेशीचं राखणदारच गेलं, मग एखाद्या वेळी पेशीतले सगळे क्रोमोसोम दुप्पट होतात आणि त्या गोंधळात हर-टू, व्हीईजीएफए, गाटा४, गाटा६ अशा जनुकांच्या ढीगभर प्रती तयार होतात. म्हणजे पुष्कळशी उलथापालथ हळूहळू नाही तर एकदम होते. या गाठींच्या डीएनएत चुकांचा एक ठरावीक ठसापण दिसतो, टी च्या जागी जी येण्याचा, आणि तो आम्लामुळे होणाऱ्या नुकसानीशी जोडलेला असावा असा अंदाज आहे. हे सगळं आयुष्यात घडलेलं, जन्मावेळी आणलेलं नाही. बाबांना हे नक्की सांगा. मुलाला काही दिलं वगैरे मनात धरून बसले असतील तर फार वाईट आहे ते.

अजून एक गोष्ट, मला स्वतःला ही वाचली तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. २०१८ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या लोकांनी *निरोगी* अन्ननलिका तपासल्या, कॅन्सर नसलेल्या माणसांच्या. मध्यमवयापर्यंत अस्तराचा अर्ध्याहून जास्त भाग कॅन्सरशी संबंधित जनुकांत म्युटेशन असलेल्या पेशींनी व्यापलेला सापडला, आणि नॉच१ मधली म्युटेशनं तर कॅन्सरपेक्षा निरोगी अस्तरात जास्त. म्हणजे म्युटेशन आलं की कॅन्सर झाला इतकं सरळ नाहीच आहे ते. तुम्ही आम्ही सगळेच थोडीथोडी म्युटेशनं घेऊन जेवतोय.

आता घराण्यात खरंच चालणारी जी कारणं आहेत ती सांगतो म्हणजे तुम्ही तपासून बघू शकाल. एक सीडीएच१ जनुकातला बिघाड, १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात सापडलं, त्यात जठराचा डिफ्यूज, सिग्नेट रिंगवाला कॅन्सर तरुणपणी होतो, बाबांच्या रिपोर्टमध्ये तसं काही नाही. दुसरं लिंच सिंड्रोम, त्यात एमएमआर प्रोटीनं जातात, बाबांची चारही शाबूत आहेत म्हणजे ती शक्यता फार कमी. तिसरं टायलोसिस, तळहात-तळपाय जाड होणारा आजार, आरएचबीडीएफ२ जनुक, आणि तो स्क्वॅमसवाला. आत्याच्या ब्रेस्ट कॅन्सरमुळे बीआरसीए (ब्रेस्ट कॅन्सरशी जोडलेली जनुकं) वगैरे बघायचं का हे जेनेटिक काउन्सेलर ठरवतील, पुण्यात मोठ्या कॅन्सर सेंटरमध्ये असतात. जाताना आजी-आजोबांपर्यंत कुणाला काय झालं, कितव्या वर्षी, एवढं कागदावर लिहून न्या, अर्धं काम तिथेच होतं.

टीपी५३ वर आज सरसकट द्यायचं औषध नाही. तुमच्या फाइलमध्ये औषधाच्या दृष्टीने बघण्यासारखे तीनच कागद: हर-टू, एमएमआर, पीडी-एल१. चौथं क्लॉडिन १८.२ हे प्रोटीन आता काही ठिकाणी बघतात, पण तो विषय आजार पसरलेला असेल तेव्हाचा.

---

भोरकर

अनुताई तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

माझ्या आईला तीन वर्षांपूर्वी झाला, अन्ननलिकेच्या मधल्या भागात, स्क्वॅमस. आमच्याकडे बायका सकाळी मिशरी लावतात, तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, बारीक करून, दातांना. आई चाळीस वर्षं लावत होती आणि ते व्यसन आहे असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं, दात घासणं होतं ते. डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं तर आई नाही म्हणाली आणि ती खोटं बोलत नव्हती. मिशरी लावता का असं विचारायला पाहिजे होतं. हे इथे मुद्दाम लिहितोय, आजूबाजूच्या आया-मावश्यांना विचारा.

तर आमच्याकडेही एकाने एनजीएस करायला लावलं. कुठल्या लॅबने ते लिहीत नाही. आईच्या दोन पाटल्या मोडून पैसे भरले. पंधरा पानांचा रंगीत रिपोर्ट आला, टीपी५३, सीसीएनडी१, नॉच१, आणि प्रत्येकापुढे परदेशातल्या कुठल्या कुठल्या ट्रायल. आमच्या डॉक्टरांनी तो चाळून बाजूला ठेवला आणि जे आधी ठरलं होतं तेच केलं, केमो आणि शेक (रेडिएशन) बरोबर आणि मग ऑपरेशन. ते चूक नव्हते, त्या रिपोर्टने त्यांच्या हातात काही नवीन दिलंच नाही. स्क्वॅमसमध्ये हर-टूचा तसा उपयोग नाही, पीडी-एल१ तेवढं बघतात. ते ऑपरेशनच्या तुकड्यात थोडा आजार शिल्लक निघाला तेव्हा इम्युनोथेरपीचा विषय निघाला, वर्षभराची, आणि खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो. त्या वेळी त्या पाटल्या आठवल्या मला.

म्हणून माझं एकच सांगणं, कुठलीही टेस्ट करायच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा की साहेब याचं उत्तर हो आलं तर तुम्ही काय बदलणार आणि नाही आलं तर काय बदलणार. दोन्हीकडे सारखंच उत्तर असेल तर पैसे जेवणाखाण्याला ठेवा. केमो झेपायला अंगात काहीतरी लागतं. आईला गिळता येईना तेव्हा पोटातून नळी टाकली होती आतड्यात, सुरुवातीला आम्ही घाबरलो, पण वजन तिथेच थांबलं आणि तिला ट्रीटमेंट पूर्ण घेता आली. डॉक्टर नळी म्हणाले तर शेवट आला असं समजू नका.

आणि महात्मा फुले योजनेत केमो, शेक, ऑपरेशन बसतं का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आजच विचारा, ट्रीटमेंट सुरू झाल्यावर कागद पळवणं फार जड जातं.

---

डेकेअर_सिस्टर

मी केमो डे केअरला सिस्टर आहे. कुठे ते नाही लिहीत.

भोरकर दादांच्या आईला शेक दिला आणि अनुच्या बाबांना नाही, हे वाचून कुणी घाबरू नका. तिची ट्रीटमेंट स्क्वॅमसची होती. अ‍ॅडिनोवाल्यांत आधी कुठली पद्धत चांगली यावर बरीच वर्षं दोन मतं होती, मग जर्मनीत ४३८ पेशंटवर समोरासमोर ट्रायल झाली, एसोपेक नावाची, २०२५ च्या सुरुवातीला छापून आली. त्यात फ्लॉट केमो घेणाऱ्यांत तीन वर्षांनी ५७ टक्के हयात होते, केमो-शेकवाल्यांत ५१ च्या आसपास. तुझ्या बाबांना चार आधी चार नंतर म्हणजे फ्लॉटच असणार.

आता मी जे लिहिणार आहे ते जनुकाचंच आहे पण तुमच्यापैकी कुणीच बोललं नाही. फ्लॉटमध्ये चार औषधं असतात, त्यातलं एक फाइव्ह-एफयू, २४ तास पंपातून जातं. ते शरीरात मोडून टाकायचं काम डीपीडी नावाचं एन्झाइम करतं आणि त्याचं जनुक डीपीवायडी. हे मात्र खरंच जन्मजात असतं, गाठीचं नाही माणसाचं. ज्यांच्यात ते कमजोर असतं त्यांना नेहमीचा डोससुद्धा विषासारखा होतो, तोंड सोलून निघतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी तळाला जातात. माझ्या डोळ्यांसमोर एक पेशंट असा पहिल्याच सायकलला आयसीयूत गेला होता, तेव्हा कुणी टेस्ट केली नव्हती. युरोपात २०२० पासून हे औषध सुरू करण्याआधी ही तपासणी करायला सांगतात. साधं रक्त लागतं. अनु, पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांना विचार, डीपीवायडी करायचं का. म्युटेशन म्हणून एखाद्या गोष्टीची आत्ता चौकशी करायची असेल तर ही कर.

आणि दुसरं औषध ऑक्झॅलिप्लॅटिन, त्याने थंड सहन होत नाही. पहिले काही दिवस माठातलं पाणीसुद्धा नको, कोमट. फ्रिज उघडायला बाबांना लावू नका, बोटांना झिणझिण्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो आणि माणूस घाबरतो. ताप १०१ च्या पुढे गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटल, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही.

---

धायरीची_अनु

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. ब्लॉक दादांची ती झेरॉक्सची गोष्ट मी बाबांना सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण रात्री भावाला हाक मारून म्हणाले, गाडीचं पीयूसी संपलंय बघ. तीन आठवड्यांत पहिल्यांदा स्वतःहून बोलले त्याच्याशी.

अपडेट देते. फिश आली, हर-टू पॉझिटिव्ह! आता हर-टूचं औषध म्हणजे ट्रास्टुझुमॅब लगेच सुरू करता येईल ना? मी सगळीकडे वाचलं की हर-टू पॉझिटिव्ह असणं चांगलं. डीपीवायडी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले करून घेऊ, रक्त दिलंय, रिपोर्ट येईपर्यंत थांबणार आहेत. जेनेटिक काउन्सेलरची वेळ पुढच्या गुरुवारची.

---

पाषाण_बायो

अनु, तुमचा आनंद कमी करायचा नाहीये पण हे आत्ताच कळलेलं बरं. ट्रास्टुझुमॅबचा फायदा २०१० च्या टोगा ट्रायलमध्ये सिद्ध झाला, ५९४ पेशंट, पण ते सगळे आजार पसरलेले किंवा ऑपरेशन न होऊ शकणारे होते. त्यांच्यात सरासरी आयुष्य ११.१ महिन्यांवरून १३.८ वर गेलं. ज्यांचं ऑपरेशन होणार आहे त्यांच्यात आधीच ते दिलं तर जास्त बरे होतात असं अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून डॉक्टर आत्ता नाही म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. हर-टूचा कागद फाइलमध्ये वर ठेवा. कधी गरज पडली तर तेव्हा तो कामाचा आहे, आणि आता भारतात बनलेले बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच औषधं, मिळतात त्यामुळे किंमत पूर्वीसारखी राहिलेली नाही. ती गरज पडू नये हीच इच्छा.

या सांध्यावरच्या गाठींत हर-टू जठराच्या बाकी भागापेक्षा जास्त सापडतो, टोगातच सांध्यावर जवळपास तिघांत एक होता. आणि गाठीत तो सगळीकडे सारखा नसतो, एका कोपऱ्यात भरपूर आणि शेजारी काहीच नाही असं होतं. त्यामुळे पुढे कधी परत तुकडा घ्यायची वेळ आली तर हर-टू परत बघायला सांगा, जुना रिपोर्ट आहे म्हणून सोडू नका.

---

धायरीची_अनु

पाच आठवड्यांनी लिहितेय.

हर-टूबद्दल डॉक्टर अगदी तेच म्हणाले. आधी लिहिलं होतंत म्हणून तिथे रडू नाही आलं.

काउन्सेलर मॅडमनी तासभर दिला. मी आणि आत्याने बसून सगळं घराणं लिहून नेलं होतं, पणजीपर्यंत, आत्याला तर कोण कुठल्या साली कशाने गेलं सगळं पाठ. मॅडम म्हणाल्या या माहितीवर जन्मजात टीपी५३ ची शंका घ्यायला जागाच नाही, पण आत्याचं आणि बाबांचं दोन्ही असल्यामुळे आणि घरात एवढा ताण असल्यामुळे बाबांच्या रक्ताची पॅनल करू. काल रिपोर्ट आला. टीपी५३ रक्तात नाही. बीआरसीए नाही, सीडीएच१ नाही, यादीतलं काहीच नाही. भावाने तो कागद स्वतः साताऱ्याला नेऊन दाखवला. मला ते पटलं नव्हतं, कुणाला कशाला दाखवायचं असं वाटत होतं, पण तो म्हणाला मला लपवून लग्न करायचं नाही. तिकडच्या वडिलांनी कागद वाचलाच नाही म्हणे, बाबांना गिळता येतंय का एवढंच विचारलं.

दोन केमो झाल्या. डीपीवायडी नॉर्मल आलं. दुसऱ्या सायकलनंतर घास जरा उतरायला लागलाय, परवा अर्धी पोळी दुधात खाल्ली.

आता शेवटची शंका. रक्तात काही नाही म्हणजे आम्हा दोघांना काही करायची गरज नाही ना?

---

ब्लॉक_आणि_स्लाइड

वा अनुताई, अर्धी पोळी वाचून बरं वाटलं.

तुम्हाला जनुकाची भीती आता नको. पण भावाला पित्ताचा त्रास आहे का ते विचारा. जनुक नसलं तरी घरात सवयी असतात, वजन असतं, रात्रीची जेवणं असतात, सिगरेट असते. घरात सख्ख्या माणसाला हा कॅन्सर झालाय आणि स्वतःला बरीच वर्षं जळजळ असेल, त्यात पोट सुटलेलं, तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवून एकदा दुर्बिणीने बघायचं का विचारावं, बॅरेट्स असेल तर त्यावर लक्ष ठेवता येतं, बिघडायला लागलं तर दुर्बिणीतूनच जाळून काढता येतं. इनो घेऊन वर्षं ढकलू नयेत एवढंच. आमच्याकडे येणाऱ्या किती तुकड्यांच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं, वीस वर्षं अ‍ॅसिडिटी.

---

धायरीची_अनु

त्याच्या खिशात कायम गोळ्यांची पट्टी असते. आजच त्याला ही पोस्ट पाठवते.

---

ब्लॉक_आणि_स्लाइड

पाठवा. आणि एक काम राहिलं असेल, एनजीएसवाल्यांकडून बाबांचा ब्लॉक परत आलाय का ते बघा. पुष्कळ लोक विसरतात आणि ऑपरेशननंतर शोधाशोध सुरू होते. तुमच्या सहीने परत घ्या, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच उभं राहून जुळवा, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं.